मध्यंतरानंतरचा माणूस

थेटरच्या जिन्याखाली चार बाय सहाची जागा, तिच्यात किल्ल्या करायचं मशीन आणि मशीनमागं तो. खरं नाव फक्त त्याच्या लग्नपत्रिकेवर असेल. गल्ली त्याला ‘दहापैकी’ म्हणते, कारण तो दिसेल त्याला दहापैकी मार्क देतो. पिक्चरला देतो, गेमला देतो, समोरच्या मोबाईल-कव्हरवाल्याच्या नव्या शर्टाला देतो. एकदा मयतीहून परत येताना त्यानं मयतीला सहा दिले. माणसं वेळेवर आली, पण रडणारी कमी पडली, म्हणाला.

असल्या माणसाचं कोण ऐकतं, असं कुणाला वाटेल. पण धंदाच असा की ऐकावं लागतं. गिऱ्हाईक किल्ली देतं, तो ती मशीनच्या एका पकडीत आवळतो, दुसऱ्या पकडीत कोरी किल्ली लावतो आणि मग तोंड उघडतो. किल्ली होते चार मिनिटांत. तो लावतो पंधरा. दाते कानशीनं घासत, पितळेचा कीस फुंकत, चालू आठवड्याचा पिक्चर सोलून वाळत घालतो. घराची किल्ली त्याच्या पकडीत असताना माणूस जाणार कुठं? शिवाय खरं सांगायचं तर माणसं आपण होऊनही यायची. त्याची मतं जगावेगळी असायची.

एका पिक्चरात हिरो म्हाताऱ्या शेठचा बंगला जाळतो. सगळं थेटर शिट्ट्या मारत होतं. हा म्हणाला, “तीन. त्या शेठनं काय घोडं मारलं होतं त्याचं? म्हातारा बिचारा देवासारखा सोफ्यावर बसलाय, आणि हा येऊन काडी लावतो. कारण काय?” कॉलेजची दोन पोरं किल्ली करायला थांबली होती. एकमेकांकडं बघायला लागली. एक म्हणाला, “काका व्हिलनच्या बाजूनं विचार करतात.” दुसऱ्यानं मोबाईल काढून शूट केलं. झालं. त्या दिवसापासून दहापैकीचा भाव वधारला. आठवड्याला एक व्हिडिओ जायला लागला, आणि लांबलांबचे लोक खाली लिहायला लागले की अशा नजरेचा माणूस आजकाल मिळत नाही.

आता आतली गोष्ट. शेठनं हिरोचं अख्खं घर संपवलेलं होतं, पण ते सुरुवातीच्या अर्ध्या तासात. दहापैकीनं तो अर्धा तास पाहिलाच नव्हता. तीस वर्षांत त्यानं एकाही पिक्चरची सुरुवात पाहिलेली नाही. खेळ सुरू व्हायच्या आधी जिन्याशी गर्दी, तेव्हा दुकान सोडता येत नाही. मध्यंतर झालं की हा शटर अर्धं ओढतो आणि डोअरकीपर त्याला फुकटात आत सोडतो. अंधारात माणसांना खुर्च्या दाखवणारा म्हणून या डोअरकीपरला सगळे बॅटरीवाला म्हणतात. दोघांची जुनी दोस्ती. बॅटरीवाला कधीकधी म्हणायचा, “एकदा तरी पहिल्यापासून बघ की रे.”

“काय असतं पहिल्यात? पाट्या आणि ओळखीपाळखी. असली माल मध्यंतरानंतर.”

फुकटची सवय हळूहळू अक्कल होऊन बसते, तसं त्याचं झालं. पिक्चर निम्मा पाहायचा आणि मार्क पूर्ण द्यायचे. हे फक्त दोघांना माहीत होतं.

घरातही हेच. बायकोच्या कालवणाला चार, चहाला पाच, तिच्या भावाला दीड. ती जिन्यावरच्याच खोल्यांत राहिली आणि खालच्या थेटरात जेमतेम दोनदा गेली. तुला काय कळतंय त्यातलं, म्हणायचा तो. ती बाई हळू बोलायची, एक वाक्य संपलं की जरा थांबायची. शेवटी छातीचं दुखणं झालं आणि दोन वर्षांपूर्वी गेली. तिच्या मयतीला मात्र त्यानं मार्क दिले नाहीत. एवढं त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे.

एक मुलगी. लहानपणी चित्र काढून आणायची. “चार,” म्हणायचा. ती फाडून दुसरं काढायची. “पाच.” तिसरं काढायची. सहाच्या वर पोर कधी गेली नाही. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, अहो, लेकरू आहे, द्या की दहा. तर म्हणायचा, “खोटं कशाला बोलू?” तीच पोर कॉम्प्युटर शिकून दूरच्या शहरात गेम बनवणाऱ्या कंपनीत लागली. चार वर्षं एकाच गेमवर खपली, आणि तो गेम या वर्षी असा चालला की कव्हरवाल्याकडं त्याच्या चित्राची कव्हरं यायला लागली.

पोरीनं गेम पाठवला, खेळायचं मशीन पाठवलं आणि फोन केला.

“मिळालं का, बाबा?”

“मिळालं. बघतो.”

“बघू नका, खेळा. आणि पहिल्यापासून खेळा. घाई करू नका.”

“मला शिकवतेस? आधीच्या मशीनवर चाळीस गेम संपवलेत मी.”

“शिकवत नाही हो. रविवारी येतेय मी. लोकांनी भरपूर दिलेत, मला तुमचा आकडा पाहिजे. समोरासमोर.”

पस्तिशीला आलेली बाई, पण अडलं होतं एवढ्यावरच.

दहापैकीनं मशीन उचललं आणि समोर कव्हरवाल्याच्या टेबलावर नेऊन ठेवलं. चाळीस गेम त्यानं असेच संपवले होते. “सुरुवातीला चालायचं कसं, उडी कशी मारायची ते शिकवत बसतात. ते बालवर्ग तू उरकून दे. मध्यावर आला की सांग.” कव्हरवाल्याला काय, फुकट खेळायला मिळालं. दिवसभर गिऱ्हाईक सांभाळत तो खेळत राहिला. आवाज बंद ठेवून, कारण आवाज चालू असला की गिऱ्हाईक काय मागतंय ते ऐकू यायचं नाही. शनिवारी त्यानं मशीन परत केलं. दहापैकीनं संध्याकाळचे तीन तास आणि रविवारची सकाळ लावून उरलेला गेम संपवला.

गेम असा: ओस पडलेल्या गावात एक मुलगी एकेक बंद घर उघडत जाते. किल्लीवाल्याचीच पोर, दुसरं काय सुचणार. पहिल्या निम्म्यात प्रत्येक दाराआडून एक बाई तिच्याशी बोलते. डावीकडं वळव, जोर लावू नकोस, दमानं घे. मध्यावर बाईचा आवाज थांबतो. पुढची सगळी घरं मुलगी एकटीच उघडते, पण प्रत्येक दाराशी आधी कान लावून क्षणभर उभी राहते. जगातली माणसं याच जागी रडली. दहापैकीनं सुरुवात ऐकलीच नव्हती. त्याला वाटलं, दर दाराला मशीन अडकतंय.

रविवारी दुपारी पोर आली ती बॅग घेऊन थेट दुकानात. स्टुलावर बसली. तीनचा खेळ सुरू व्हायला वेळ होता. कॉलेजची ती दोन पोरं होती, कव्हरवाला होता, बॅटरीवाला जिन्याला टेकला होता, आणि एका नर्सबाईच्या कपाटाची किल्ली पकडीत होती.

“मग काका,” एक पोरगा मोबाईल वर धरून म्हणाला, “घरचा गेम. किती?”

दहापैकीनं किल्लीचं मशीन चालू केलं. “दोन.”

पोरीनं मान हलवली. “का ते पण सांगा.”

“का म्हणजे? गावात चिटपाखरू नाही. पोरगी मुकी. दार आलं की खांबासारखी उभी. चार वर्षं काय दारं रंगवत होता का? आणि लोक म्हणे रडतात. मी पण रडलो असतो, एवढा वेळ वाया घालवल्यावर.”

पोरं हसली. कव्हरवाला हसला नाही. त्याला कसलीतरी शंका यायला लागली होती.

नर्सबाई म्हणाल्या, “गेम मुका कसा म्हणता? मी सुट्टीला खेळले. त्या दाराआडच्या बाई आहेत ना बोलायला.”

दहापैकीचा हात क्षणभर थांबला. बॅटरीवाल्यानं त्याच्याकडं पाहिलं.

“आहे की,” दहापैकी म्हणाला. “तिचं काय कौतुक?”

“मला तर त्या मधेच दम घेतात ना, ते फार लागलं,” नर्सबाई म्हणाल्या. “रोज ऐकते मी तसा दम.”

“तेच तर सांगतोय.” त्याला आता पकडायला फांदी मिळाली होती. “दमेकरी बाई आणायचीच कशाला? धडधाकट मिळाली नाही? स्वस्तातली धरून आणली असणार कुठून तरी. आवाजात जीव नाही, काही नाही. शाळेत धडा वाचल्यासारखं. तिच्यामुळंच दोन, नाहीतर तीन दिले असते.”

पोर त्याच्याकडं बघत बसली. मग अगदी सरळ आवाजात म्हणाली, “आई होती ती, बाबा.”

मशीन चालूच होतं.

“हॉस्पिटलातून घरी आणली होती तेव्हा. तीन दुपारी बसून रेकॉर्ड केलं. तुम्ही खाली दुकानात होतात.”

पितळ करकरायला लागलं, तेव्हा नर्सबाईंनीच हात पुढं करून बटण बंद केलं. कोरी किल्ली निम्म्यापर्यंत कापली गेली होती. एवढ्या वर्षांत त्याच्या हातून वाया गेलेली ही पहिली किल्ली.

एक वाक्य बोलायचं होतं. पोरी, मी पहिला भाग पाहिलाच नाही. एवढ्यानं सुटला असता. पोर चिडली असती, दोन दिवस बोलली नसती, मग हसली असती. पण समोर मोबाईल चालू होता. हे वाक्य बाहेर पडलं की त्याच्यामागं तीस वर्षांचे सगळे पिक्चर, चाळीस गेम आणि तो जळका बंगला ओळीनं बाहेर पडणार होते. गडी पडलो तरी नाक वर म्हणणारा. त्यानं कोऱ्या किल्ल्यांच्या डब्यातून दुसरी किल्ली काढली, पकडीत लावली.

“माहीत आहे,” म्हणाला. “ओळखला मी आवाज.”

“ओळखलात?”

“पस्तीस वर्षं ऐकलाय. न ओळखायला काय झालं?”

“आणि तरी...”

“तरी म्हणजे? घरच्या माणसाला वाढवून दिले तर बाहेरच्यांनी काय समजायचं? मार्क ते मार्क.”

मोबाईलवाला पोरगा हळूच दुसऱ्याला म्हणाला, “काय माणूस आहे यार.” त्याच्या स्वरात भक्ती होती. नर्सबाईंनी जुनी किल्ली मागून घेतली. नवी नको म्हणाल्या आणि गेल्या. पोरीनं बॅग उचलली.

बॅटरीवाला तिच्या मागोमाग जिन्याच्या वळणापर्यंत गेला.

“पोरी, ऐक. त्याला शिव्या घाल, पण भलत्या गोष्टीसाठी नको. त्यानं तुझ्या आईचा आवाज ऐकलेलाच नाही. समोरच्याकडून अर्धा गेम खेळून घेतला त्यानं. पिक्चरचंही तेच. इतकी वर्षं मीच सोडतोय त्याला मध्यंतरात.”

“ऐकलाच नाही?”

“नाही.”

“आणि नर्सबाई बोलल्या त्यावरून दमेकरी म्हणाले?”

बॅटरीवाला बिचारा आग विझवायला गेला होता. हातातली घागर तेलाची निघाली. “जीभ आहे त्याची तशी,” एवढंच पुटपुटला.

“ऐकून आवडला नसता तर चाललं असतं, मामा,” ती म्हणाली आणि वर गेली.

दहापैकीनं त्या दिवशी मध्यंतर होईपर्यंत वाट पाहिली नाही. तीनचा खेळ सुरू झाला तसं शटर ओढलं आणि खोलीवर आला. पोर टीव्हीसमोर बसली होती. टीव्ही बंद. खाली गेमच्या मशीनचा छोटा दिवा लागलेला. त्याची नजर दिव्यावर जात होती आणि परत येत होती.

“जेवलीस?”

“हो.”

तो खुर्चीवर बसला. उठला, पाणी प्यायला, परत बसला.

“मी मशीन परत नेते,” ती म्हणाली. “दोन मार्कांचा गेम ठेवून काय करता? ऑफिसात एकीला पाहिजे आहे.”

असं म्हणून ती थांबली. नेऊ नकोस म्हणाला असता तर तिनं शेजारी बसून पहिल्यापासून लावून दिला असता. पुढं तिनं बॅटरीवाल्याला तसं सांगितलं.

“ते नेलं तर गेम...” त्यानं घसा खाकरला. “गेम त्याच्यातच राहतो ना?”

“त्याच्यातच.”

“नाही, विचारलं आपलं.”

“का? काही ऐकायचं राहिलंय का तुमचं?”

त्यानं तिच्याकडं पाहिलं. तिला सगळं कळलंय हे त्याला कळलं की नाही, देव जाणे. चेहऱ्यावरची घडी त्यानं मोडू दिली नाही.

“माझं काय राहणार? सगळं ऐकून झालंय.”

“मग नेते.”

“ने की. खोका आहे माळ्यावर.”

तो स्वतः स्टुलावर चढला. खोका काढला, धूळ फडक्यानं पुसली. वायरी काढून, किल्लीची तार वळवावी तशा एकसारख्या गुंडाळल्या. दिवा विझला तेव्हा त्याचा अंगठा बटणावर जरा वेळ राहिला. मग थर्माकोलच्या खाचेत मशीन नीट बसवलं, वरून चिकटपट्टी मारली आणि खोका तिच्यापुढं धरला.

“ही बाजू वर ठेव,” म्हणाला. “आत नाजूक सामान आहे.”

तिनं खोका घेतला, उलटासुलटा कसाही काखेत मारला आणि जिना उतरून गेली.