अर्थिंगला घातलेलं पाणी

मी आयटीआयमध्ये वीजतंत्री शिकवतो. फेज कुठला, न्यूट्रल कुठला, अर्थिंग का करायचं, हे सांगता सांगता केस पांढरे झाले. माझ्या हाताखालून गेलेली पोरं आज वाळूजच्या कारखान्यांत पॅनेल सांभाळतात. आणि मी स्वतः या शहरात गाडीला वीज मिळावी म्हणून दारोदार हिंडलो आहे. हे आठवलं की अजूनही माझं डोकं तापतं, म्हणून लिहून काढतोय.

गाडी घेतली ती मायसाठी. माय पिशोरला राहते. वडील गेल्यापासून एकटीच. शहरात चल म्हटलं तर म्हणते, तिसऱ्या मजल्यावर टांगून राहू का? दसरा हा आमचा धम्मदीक्षेचा दिवस, आणि त्या दिवशी ती शहरात येते, बुद्ध लेणीच्या पायथ्याशी वंदनेला. लग्न होऊन आली तेव्हापासून एक साल चुकलं नाही. कधी बैलगाडीनं, कधी एसटीनं, अलीकडे गल्लीतल्या बायांबरोबर पिकअपच्या मागच्या हौद्यात बसून. दोन वर्षांपूर्वी त्या पिकअपमधून उतरताना तिचा गुडघा मुरगळला आणि महिनाभर तिला भिंत धरून चालावं लागलं. तेव्हा मी शब्द दिला होता, "माय, आता पिकअप बंद. तुला माझ्या गाडीत पुढं बसवून नेईन."

विजेवरची छोटी गाडी घेतली. चालवायला स्वस्त, धूर नाही. वीज हा आपलाच धंदा, तिची काय काळजी, असं मला वाटलं. तिथंच मी फसलो.

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी माझ्या मीटरवरून, माझ्या खर्चानं एक प्लग बसवणार होतो. त्यासाठी मीटिंग भरली. सेक्रेटरी म्हणाले, "आग लागली तर जबाबदार कोण?" मी केबलचा साइज सांगितला, ब्रेकर सांगितला, कागदावर आकृती काढून दाखवली. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि नाही म्हणून हात वर केले. सेक्रेटरींच्या स्वतःच्या दारात, जिन्यातच, इन्व्हर्टरची बॅटरी फडक्याखाली झाकून ठेवलेली असते. तिच्यापासून कुणाला भीती नाही.

मग राहिली बाहेरची चार्जिंगची मशीनं. मोबाईलवर नकाशा उघडला की शहरभर हिरवे ठिपके दिसतात. बघणाऱ्याला वाटावं, पावलोपावली सोय आहे. प्रत्येक ठिपक्याचं ॲप वेगळं, प्रत्येक ॲपमध्ये आधी पैसे भरून ठेवायचे, आणि उरलेले परत मागायची सोय शोधून सापडत नाही. घरच्या मीटरवर जेवढ्यात एक युनिट पडतं त्याच्या तिप्पट मोजायचे, वर कर. तेही मी मोजले असते. पण पैसे घ्यायला तरी मशीन चालू पाहिजे ना!

गाडी घेतली त्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी गाडीत निम्म्याहून थोडी जास्त बॅटरी होती. पूर्ण भरून पिशोरला जावं, तिथं मुक्काम करावा आणि सकाळी मायला घेऊन यावं, असा बेत होता. लेणीला दहाच्या आत पोचायचं, दहाला वंदना असते.

पहिला ठिपका एका मोठ्या दुकानांच्या इमारतीच्या तळघरात. आत शिरायचेच पार्किंगचे पैसे घेतले. खाली गेलो तर मशीनसमोर पेट्रोलची गाडी आडवी लावलेली. वॉचमन म्हणाला, "साब, वो तो दो महिने से बंद है. इसलिए लगाने देते हम." मी मोबाईल दाखवला, यावर चालू दिसतंय म्हटलं. तो म्हणाला, "मोबाईल में चालू होगा, साब." पार्किंगचे पैसे परत मिळाले नाहीत.

दुसरा ठिपका पेट्रोल पंपावर. मशीन चालू, पण नेट नाही. नेट कधी येईल? सांगता येत नाही. बटण दाबून चालू करता येत नाही का? नाही, ॲपनंच होतं. वीस फुटांवर डीपीचं रोहित्र गुणगुणतंय, तारांत वीज आहे, मशीनमध्ये वीज आहे, आणि मोबाईलला रेंज नाही म्हणून ती गाडीत जात नाही. माझ्या वर्गात एखाद्या पोरानं असं सर्किट काढलं असतं तर मी त्याची वही फेकली असती.

तिसरा ठिपका एका बागेच्या कोपऱ्यावर. तिथं झेंडूचा बाजार भरलेला. मशीनच्या बुडाशी पोती टेकवलेली, समोर ताडपत्रीवर फुलांचे ढीग. फुलं विकणारी बाई म्हणाली, "दादा, आजचा एक दिस. उद्या मशीन काय पळून जातंय?" तिच्यावर काय चिडणार? तिचं वर्षातलं पोट त्या एका दिवसावर. जागा आखून देणाऱ्यांनी ना तिची सोय बघितली ना माझी. मी तिच्याकडूनच पावशेर फुलं घेतली आणि तसाच पिशोरच्या रस्त्याला लागलो. मायच्या घरी पंधरा अँपिअरचा प्लग होता. रात्रभर लावली की भरेल, असा हिशेब केला.

खुलताबादचा घाट चढताना बॅटरी भराभर उतरली. दिवेलागणीला पोचलो तेव्हा पंचवीस टक्के उरली होती. माय ओट्यावर बसली होती, भोवती गल्लीतल्या बाया. मी उतरताच ती मोठ्यानं म्हणाली, "बगा, म्हन्ले व्हते का नाय? ह्या साली मी तुमच्या संगं नाय बरं का!" बायांनी गाडीला हात लावून बघितलं. एकीनं विचारलं, "आवाज कसा नाय येत हिचा?" माय म्हणाली, "शान्या मान्साची गाडी हाय ती." मी छाती फुगवून केबल बाहेर काढली.

प्लग लावला. लाल दिवा. काढून पुन्हा लावला, पुन्हा लाल. मी जागच्या जागी समजलो. अर्थिंग नाही, म्हणजे गळती झालेली वीज जमिनीत उतरायला वाट नाही. अर्थिंग नीट नसेल तर या गाड्या वीज घेतच नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

त्या घराचं वायरिंग मीच केलेलं, नोकरी लागायच्या आधी. अर्थिंगचा खड्डाही मीच घेतलेला, मीठ-कोळसा घालून, परसात. पुढं वडिलांनी परसावर पत्रे टाकले आणि खड्डा पत्र्याखाली गेला. पावसाचा थेंब तिथं पोचत नव्हता, आणि इतक्या वर्षांत मी एकदाही बघितलं नव्हतं. वर्गात दर वर्षी फळ्यावर लिहितो, खड्ड्यातली माती ओली ठेवावी. मी हातपंपावरून दोन बादल्या आणून ओतल्या. कोरड्या मातीनं त्या बघता बघता पिऊन टाकल्या. दिवा लालच. माय कंदिलासारखा मोबाईल धरून उभी होती. तिनं विचारलं, "झाडावानी पानी लागतं व्हय रं ह्याला?" मी वैतागून म्हणालो, "लागतं. रोज लागतं."

नकाशावर खुलताबादच्या अलीकडे, हमरस्त्यावरच्या एका हॉटेलात एक हिरवा ठिपका होता. उपलब्ध, असं लिहिलेलं. पहाटे उठून तिथं अर्धा तास भरू आणि दहाच्या आत लेणीला पोचू, असं ठरवलं.

सकाळी माय पांढरंशुभ्र लुगडं नेसून पुढच्या सीटवर बसली. मांडीवर झेंडूची पिशवी. हॉटेलशी पोचलो तेव्हा आठ वाजले होते आणि बॅटरी सहा टक्के होती.

मशीन होतं. चालूही होतं. पण त्याच्या गळ्यात झेंडूचा हार होता, अंगावर हळदकुंकवाची बोटं, पायाशी नारळ. जी नळी गाडीत खुपसायची तिलाही कुंकू लावून, वर अक्षता टाकून, ती पाटावर आडवी ठेवली होती. शेजारी हॉटेलचा वयस्कर राखणदार हात जोडून उभा.

"आज नाय जमनार साहेब," तो म्हणाला. "आज दसरा. पूजा झालेल्या हत्याराला आज हात लावत नसतेत. उद्या या."

दसऱ्याला अवजारं पुजतात, त्यांना एक दिवस विसावा देतात, हे मला माहीत आहे. आमच्या आयटीआयच्या वर्कशॉपमध्येही लेथला हार घालतात. माझा त्याला विरोध नाही. पण लेथ बंद राहिली तर कुणाची माय रस्त्यात अडकत नाही. मी मोबाईल त्याच्या नाकासमोर धरला. "इथं उपलब्ध लिहिलंय!"

"हायच की उपलब्ध," तो शांतपणे म्हणाला. "कुटं गेलंय?"

मी ओरडलो. मॅनेजरला बोलवा म्हटलं. मॅनेजर गंधटिळा लावून आला आणि म्हणाला, मालकांनी बजावलंय. मी ॲपवरच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. एक यंत्र मला भाषा निवडायला सांगत होतं, मी मराठी निवडली आणि ते इंग्रजीत बोलू लागलं. मग मी रस्त्यावर उभा राहून हात दाखवू लागलो. एसटी भरून गेली. रिक्षा एकही नव्हती. नऊ वाजत आले. माय हॉटेलच्या पायरीवर बसून रस्त्याकडे बघत होती. 

तेवढ्यात निळे झेंडे लावलेली पिकअप आली. आमच्याच गल्लीतली. हौद्यातून बाया ओरडल्या, "जयभीम आजी! हितं काय करता?"

मायनं माझ्याकडे बघितलं. "बाळा, वंदना चुकंल," ती म्हणाली. "मला वर घाल."

मी घातलं. ज्या हातांनी शब्द दिला होता त्याच हातांनी तिला खालून धरून हौद्यात चढवलं. वरून दोन बायांनी तिला ओढून घेतलं. गुडघा वाकवताना तिनं दात आवळले ते मला दिसलं. वर बसल्यावर ती बायांना म्हणाली, "अर्ध्या वाटंपर्यंत गाडीनंच आले बरं का." एकही बाई हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

पिकअप गेल्यावर राखणदार माझ्याजवळ आला. बराच वेळ घुटमळला. मग म्हणाला, "साहेब, मशीनला हात लावता येत नाय. पन किचनमदी मोठ्या मिक्सरचा प्लग हाय. त्याची पूजा नाय केली." मी केबल खिडकीतून आत सोडली. हिरवा दिवा लागला. या हॉटेलचं अर्थिंग माझ्या घरापेक्षा चांगलं होतं. मॅनेजरनं दर सांगितला, तासाला एक थाळी. हा दर कुठल्या ॲपवर सापडणार नाही. मी तीन तास बसलो, तीन थाळ्या घेतल्या, त्यातली एकही खाल्ली नाही. त्या बांधून घेतल्या.

लेणीला पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. माय एका झाडाखाली पाय लांब करून बसली होती, गुडघ्याला ओला रुमाल गुंडाळून. वंदना मिळाली होती. तिनं थाळीतल्या पुऱ्या बायांना वाटल्या. परतताना पिशोरपर्यंत पुरेल एवढी बॅटरी नव्हती. ती पुन्हा पिकअपनंच गेली.

पुढच्या आठवड्यात मी तीन तक्रारी लिहिल्या. तिन्हींना एकच उत्तर आलं, आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. नकाशावर ते चारही ठिपके आजही हिरवे आहेत. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी पुन्हा विषय काढला, पुन्हा हात वर झाले.

दिवाळी झाल्यावर एका रविवारी मी तांब्याची पट्टी, कोळसा, मिठाची पिशवी आणि कुदळ घेऊन पिशोरला गेलो. पत्र्याच्या बाहेर, पाऊस लागेल तिथं, अर्थिंगचा नवा खड्डा घ्यायचा होता. परसात गेलो तर पत्र्याखालची माती काळी, ओलीगच्च. कडेला हिरवं गवत उगवलेलं. शेजारी बादली उपडी ठेवलेली.

"रोज घालते," माय म्हणाली. "सकाळी येक, दिस मावळता येक. तूच म्हन्ला व्हता ना, रोज लागतं म्हनून? लाव बरं गाडी."

हातपंप गल्लीच्या टोकाला आहे. दसऱ्यापासून ती पुन्हा भिंत धरून चालत होती.

मी प्लग लावला. हिरवा दिवा लागला. मायनं टाळी वाजवली आणि चहा टाकायला आत गेली. मी त्या बादलीजवळ मातीतच बसलो. मला भयंकर चीड आली होती, आणि त्यातली किती शहरावरची आणि किती माझ्यावरची ते कळेना. आतून तिनं विचारलं, "घेते का रं?"

"घेते," मी म्हणालो, आणि कुदळ उचलली.