पलंगाखालची जोडी

वास आधी मला आला. सडक्या अंड्यांचा. आमच्या घरात अंडं येत नाही, पण शाळेत पोषण आहाराची अंडी वाटण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे उन्हात राहिलेल्या ट्रेचा वास मी झोपेतही ओळखेन. त्या दिवशी तर मी चांगली जागी होते, सकाळी गाडी झाडत होते, आणि वास पलंगाखालून येत होता.

पलंग गाडीतला. कळंबला आमच्या दारात एक जुनी मिनीबस उभी असते. एके काळी ती शाळेची पोरं वाहायची. मी निवृत्त झाले त्या वर्षी ह्यांनी ती घेतली आणि उमरग्याच्या एका बॉडीवाल्याकडून आतल्या सीटा उपसून तिथं पलंग, ओटा, छोटा फ्रिज, एवढंसं न्हाणीघर असा संसार मांडून घेतला. छपरावर सोलरच्या पाट्या बसवल्या. गल्लीतले लोक तिला 'चालतं घर' म्हणतात. मी रागात असले की 'खटारा' म्हणते, आणि चालवतेही मीच. अशा गाडीला दोन तऱ्हेच्या बॅटऱ्या लागतात. पुढची एक इंजिन सुरू करते. पलंगाखालच्या दोन घर चालवतात: दिवे, पंखा, फ्रिज आणि गेल्या दोन वर्षांपासून ह्यांचं ऑक्सिजनचं मशीन.

तीस वर्षं ह्यांनी डाळमिलीत काढली आणि तुरीची पूड छातीत भरून घेतली. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं आता भरून येणार नाहीत, आहेत तेवढी जपा. ते मशीन हवेतून ऑक्सिजन वेगळा काढतं, नळीनं नाकात सोडतं आणि दिवसरात्र घर्र-फस, घर्र-फस करत राहतं. ते बंद झालं तर तासाभरात ह्यांची नखं निळी पडायला लागतात. मग डोकं दुखतं, मग ओठ निळे होतात, मग बोलणं अडखळतं. हा क्रम मला पाढ्यासारखा पाठ आहे.

पलंगाची फळी उचलली. दोनपैकी डावीकडच्या बॅटरीचं पोट फुगलं होतं. हात ठेवला आणि लगेच मागे घेतला, इतकी ती तापली होती. प्रवासात रोज रात्री ह्यांचं डोकं तिच्यापासून वीतभर वर असतं, हे तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं.

मार्केट यार्डाजवळच्या बॅटरीवाल्याला बोलावलं. पन्नाशीचा, शांत माणूस. त्यानं काचेच्या नळीनं एकेका कप्प्यातलं पाणी ओढून पाहिलं, चिमटे लावून लोड देऊन पाहिला.

"ही मेली," तो म्हणाला. "दुसरी बरी दाखवती, पण ती बी त्याच वयाची हाय. काका, माझं ऐका, दोनी बदला. जुनीला नव्ही जोडली की जुनी नव्हीला खाती."

"बरी हाय म्हणताव आन् बदला म्हणताव?" हे म्हणाले. "ह्ये कसं?"

इथं ह्यांचं मूळ सांगायला हवं. हे मुरुमकडचे. ह्यांचे वडील, आण्णा, बैलांचे जाणकार. दात, खूर, पाठीवरचा भोवरा बघून ते जनावराचं सगळं आयुष्य सांगायचे. जोडीतला एक बैल गेला की उरलेल्याची उंची आणि शिंगं सुतळीनं मोजायची, सुतळीला गाठी मारायच्या आणि ती कोपरीच्या खिशात घालून बाजाराला निघायचं. त्या मापाचा, त्या चालीचा मिळेपर्यंत बाजारामागून बाजार पालथे घालायचे. लहानपणी हे वडिलांच्या मागे हिंडले, आणि तीस वर्षं डाळमिलीत राहूनही ती नजर गेली नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो तर ह्यांनी खिशातून सुतळी काढली. बॅटरीची लांबी, रुंदी, उंची, तीन गाठी. मला हसू आवरेना. बॅटरीवाल्यानं मात्र गंभीरपणे तीन नमुने मांडले. एक पाणी घालायची, आधीच्यासारखी जडशीळ. एक सीलबंद, पाणी नको, पण उन्हाला नाजूक. आणि एक लिथियमची: वास नाही, पाणी नाही, तळापर्यंत वापरली तरी चालते.

"मशीन चालवायचं असंल तर हीच," तो लिथियमवर हात ठेवून म्हणाला. "पर दोन घ्या. आन् चार्जर बी बदलाय लागतोय."

मला तीच पटली. माझ्या मनात एकच हिशेब होता: कोणत्या बॅटरीवर रात्र सुखरूप निघेल. ह्यांनी ती एका हातानं उचलली, खाली ठेवली.

"हिच्यात काय न्हाय. पोकळ हाय."

मग नको नको म्हणत असताना जडशीळ बॅटरीचा एक कान धरून ती उचलून पाहिली. दोन बोटं वर आली नसेल, ह्यांना धाप लागली. खांद्याला अडकवलेल्या सिलिंडरची नळी नाकात तशीच, चेहरा लालबुंद, पण डोळे कधी नव्हे ते चमकत होते.

"ही घ्यायची. एकच. जोडीदार गेला म्हणून धड जनावराला कुणी बाजार दाखवत न्हाय."

मी भांडायला हवं होतं. एरवी मी क्षुल्लक गोष्टींवरून आकाशपाताळ एक करते. पण आजारपणात ह्यांच्या हातून एकेक गोष्ट गेली होती. काय खायचं ते डॉक्टर ठरवणार, किती चालायचं ते मी, किती श्वास घ्यायचा ते मशीन. दोन वर्षांत हा माणूस पहिल्यांदा स्वतःच्या अकलेनं काही ठरवत होता, आणि ती अक्कल त्याच्या वडिलांची होती. मला दया आली. आजही मला त्या दयेचा राग येतो.

बॅटरीवाला बसवायला आला तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, दारापाशी मीटर लावलाय. टक्के दाखवतो. मशीन चालू आसलं की तासाला आठ-नऊ उतरणार. रात्र निगंल, पर सकाळी पंचवीस-तीसवर याल. त्याच्या खाली जाऊ देऊ नका."

त्यानं दार ओढलं आणि हे हळदकुंकवाचा करंडा घेऊन आले. नव्या बॅटरीवरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला.

"आठ दिस हलकं काम द्यायचं हिला," ते म्हणाले. "जुन्याच्या जोडीला नवा बैल जुंपला की आण्णा तसंच करायचे. पहिल्याच दिशी वढायला लावलं की नवा खांदा टाकतोय."

"पंखा नाही लावणार, टीव्ही नाही लावणार, झालं?" मी म्हणाले.

"व्हय. आन् भैरोबाला दाखवून आणू."

ह्यांच्या घरात नवं जनावर कामाला जुंपण्याआधी सोनारीला काळभैरवाच्या दारात उभं करायची रीत. जनावरं गेली तशी रीत गाड्यांवर आली आणि आता बॅटरीवर. मी छोटा सिलिंडर भरून घेतला, रक्तातला ऑक्सिजन दाखवणारा, बोटाला लावायचा चिमटा घेतला, आणि दोन दिवसांनी दुपार कलल्यावर आम्ही निघालो.

येरमाळ्याचा घाट, पुढे माळावर पवनचक्क्या. गाडी चालू असली की बॅटऱ्या भरत राहतात, त्यामुळे मीटर पंचाण्णवच्या खाली यायला तयार नव्हता. भूमच्या अलीकडे एका पंपाच्या आवारात मुक्काम केला. घाटात जड स्टेअरिंग ओढून माझे खांदे भरून आले होते. घर्र-फस, घर्र-फस ऐकत मला मेल्यासारखी झोप लागली.

सकाळी उठून पहिली मीटरकडे धावले. एकसष्ट! पंचवीस-तीस म्हणाला होता आणि एकसष्ट. मशीन चालूच होतं. मला इतका आनंद झाला की मी चहा टाकायच्या आधी ह्यांना हलवून सांगितलं, "अहो, जिंकलात तुम्ही. जमली तुमची जोड."

हे हसले. मग म्हणाले, "किती हाय?"

"एकसष्ट."

थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "किती हाय म्हणलीस?"

चहा अर्धा ठेवला. डोकं जड आहे म्हणाले. मी म्हटलं, प्रवासाचं असेल, रात्री खिडकी उघडी होती. पाढा पाठ होता मला, आणि मी तो म्हटला नाही. आकडा चांगला होता ना. फळी उचलून बघितलं तर उजवीकडची जुनी बॅटरी कोमट लागत होती आणि अगदी पुसट, नाक जवळ नेलं तरच कळेल असा तोच वास होता. मी फळी खाली ठेवली.

सोनारीला पोचलो तेव्हा मीटर अठ्ठ्याऐंशीवर होता. देवळापासून जरा लांब, चिंचेच्या दाट सावलीत गाडी लावली. सोनारीत माकडं फार. इंजिन बंद केलं तशी चार-पाच धपाधप छपरावर उतरली आणि सोलरच्या पाट्यांवर ऐसपैस बसली. हे म्हणाले, एवढ्या पायऱ्या माझ्यानं होणार न्हाय, तूच जाऊन ये, म्या हितनंच हात जोडतो. मी नारळ घेऊन गेले. नारळ माकडांपासून वाचवत वाचवत दर्शन घेतलं. तिथं मी ह्यांच्यासाठी मागितलं आणि, खोटं कशाला सांगू, बॅटरीसाठीही मागितलं.

परत आले त्याला तास उलटून गेला होता. मशीन चालू होतं. मीटर अठ्ठ्याऐंशी. गाडी सावलीत, पाट्यांवर माकडं बसलेली, इंजिन बंद, आणि तासाभरात एक आकडा हललेला नाही. ज्या बाईनं जन्मभर पोरांना वजाबाकी शिकवली तिला ही वजाबाकी दिसू नये? मला दिसली नाही. आम्ही दशमी-चटणी खाल्ली. ह्यांनी चार घास खाल्ले आणि घास हातात धरून तसेच बसून राहिले. मी पुढच्या सीटवर जरा टेकले आणि माझा डोळा लागला.

डोक्यावर धप्पकन आवाज झाला, माकडाच्या उडीचा, त्यानं मी दचकून उठले. एवढी शांतता त्या गाडीत मी कधी ऐकली नव्हती. बाहेर कुणीतरी घंटा वाजवली तीही स्वच्छ ऐकू आली.

मागे वळून पाहिलं. हे पलंगाच्या कडेला बसले होते. नळी नाकात होती. एक हात मशीनच्या बटणावर होता आणि नजर दारापाशी, मीटरवर. ओठ जांभूळ खाल्ल्यासारखे झाले होते.

"अठ्ठ्याऐंशी," ते म्हणाले. शब्द एकेक करून, मधे मधे थांबून बाहेर पडत होते. "हलला... न्हाय. जोड... जमली बग."

मी बटण दाबलं. छोटा सिलिंडर उघडून त्याची नळी लावली. बोटाला चिमटा लावला, त्यात आलेला आकडा मी कुणाला सांगितलेला नाही आणि इथंही लिहिणार नाही. मग सीटवर बसले आणि गाडी अशी हाणली की परंड्याच्या दवाखान्याच्या दारात थांबेपर्यंत माझा पाय ब्रेकवर गेल्याचं मला आठवत नाही. छपरावरचं एक माकड बरंच लांबपर्यंत आमच्याबरोबर आलं म्हणे.

तीन दिवस ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ह्यांच्या तोंडावर जरा रंग आला तेव्हा मी विचारलं, "कधीपासून?"

"पंपापासनं. तू झोपलीस की बंद, देवळात गेलीस तवा बी बंद. पहाटे तुझी चुळबुळ ऐकली की चालू."

"का पण?"

"आठ दिस हलकं काम द्यायचं आसतं. तुला म्हणलं हुतं की."

हे छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "त्यो बॅटरीवाला म्हणला न्हवं का, जुनी नव्हीला खाती. गाडी तू हाकायची, सैपाक तू करायचा, रातचं उठून नळी तू बघायची. म्या तुला अजून किती खायचं?"

"मी काय बैल आहे का हलकं काम द्यायला?" असं मी ओरडले. वॉर्डातले सगळे बघायला लागले. मग मी भिंतीकडे तोंड करून रडले, राग गेला नव्हता तरी.

घरी आल्यावर त्याच जोडीवर मशीन न थांबवता चालवून पाहिलं. मीटर पन्नास दाखवत असतानाच बॅटरी संपल्याचं सांगत इन्व्हर्टर टीं टीं करायला लागला. त्या पंपावर मशीन खरोखर चालू राहिलं असतं तर हाच आवाज तिथंच झाला असता आणि मी उठले असते. बॅटरीवाल्यानं तपासलं. जुनीनं नव्हीला खायला सुरुवात केली होती. 'म्हणलं हुतं न्हवं का,' असं त्यानं एकदाही म्हटलं नाही, हे त्याचे उपकार. दोन्ही काढल्या, दोन लिथियमच्या बसवल्या. वास नाही, फुगणं नाही. ह्यांनी त्या उचलूनही पाहिल्या नाहीत.

पुन्हा बटणाला हात लावणार नाही, अशी मी त्यांना शपथ घ्यायला लावली. त्यांनी घेतली. घेताना ते माझ्याकडे बघत नव्हते, मीटरकडे बघत होते.

आम्ही अजून गाडी घेऊन जातो. मुरुमला जाऊन आलो, आता पुन्हा सोनारीला जायचं म्हणतात. पूर्वी आकडा उतरताना दिसला की मी धास्तीनं एकेक दिवा बंद करत सुटायची. आता रात्री दोनदा उठते, मशीनच्या आवाजावर माझा विश्वास राहिलेला नाही, म्हणून अंधारात चाचपत दारापर्यंत जाते आणि मीटर बघते. आकडा होता तिथंच असेल तर ह्यांच्या नाकापाशी हात धरून उभी राहते. उतरलेला असेल, चौऱ्याहत्तरचा एकोणसत्तर, एकोणसत्तरचा साठ, तर परत येऊन आडवी होते.