उन्हाचं गाव अन् ‘डी’चा दुष्काळ

अमरावतीत एका छोट्या दवाखान्यात मी आहारतज्ज्ञ आहे. लोकांना वाटतं, माझं काम म्हणजे दिवसभर ‘पालक खा, मूग खा’ सांगणं. खरं तर आमचे डॉक्टरसाहेब रिपोर्ट वाचतात अन् मग घाबरलेला माणूस माझ्या टेबलासमोर येऊन बसतो. भीती गेली की माणूस जे काही बोलतो ना, ते ऐकून संध्याकाळी मी अन् आमची रिसेप्शनवरची शबाना पोट धरून हसतो. असं इतकं साठलंय की आता कुणाला तरी सांगायलाच हवं!

*

रफीकभाईंचं अकोल्यात कापडाचं दुकान. अंगातली हाडं न् हाडं दुखायची. दोन महिने झोप नाही. मनात एकच, हाडांचा कॅन्सर! बायकोलाही बोलले नव्हते.

रिपोर्ट आला. डी व्हिटॅमिन अगदी तळाला. बाकी सगळं ठीक.

“बस? इतकंच?” त्यांचे डोळे भरून आले. रुमालाने पुसले अन् दुसऱ्याच क्षणी भडकले, “पन मॅडम, मी अकोल्यात राहतो! सूर्य आमच्या मोहल्ल्यात भाड्यानं राहते, अन् मलेच डी नाही?”

मी म्हटलं, “दुकानात सकाळी शिरता, रात्री निघता. ऊन बघता कधी? औषध घ्या, अन् रोज थोडं कोवळ्या उन्हात बसा.”

पुढच्या वेळी त्यांच्या मुलाने मोबाइलवर फोटो दाखवला. रफीकभाई गच्चीवर खुर्ची टाकून बसलेले. डोक्याला दुपट्टा, डोळ्यांवर गॉगल, पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातांत हातमोजे!

“हे काय हो?”

“तुमी उनात बसाले सांगतलं होतं,” रफीकभाई म्हणाले, “काळं व्हाले नाही!”

*

हिवरखेडच्या शांताकाकू लेकीकडे आल्या होत्या. जिना चढल्या की धाप लागायची, छाती धडधडायची. लेक रडकुंडीला आलेली. हार्टचं तर नाही?

हार्ट ठणठणीत निघालं. रक्त कमी होतं, लोह कमी. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. मी बजावलं, “काकू, गोळी चहासोबत घ्यायची नाही. चहा लोह अंगी लागू देत नाही.”

पुढच्या तपासणीत रक्त जिथल्या तिथे!

“काकू, गोळी चहासोबत घेता का?”

“नाही वं माय! तुमी सांगतल्यापासून पान्यासंगच घेतो.”

“अन् चहा?”

“गोळीच्या आंधी एक कप घेतो, मांगून एक कप घेतो. संगं बिलकुल नाही!”

*

एक आई कोचिंग क्लासला जाणाऱ्या पोरीला घेऊन आली. पोरगी हुशार, डॉक्टर व्हायचं तिला. पण चोरून खडू खायची! कुणी म्हणालं बाहेरचं आहे, कुणी म्हणालं डोक्यावर परिणाम झाला. आईचे नवस बोलून झाले होते.

“मॅडम, पोरगी येडी तं नाही झाली ना?”

“अजिबात नाही. शरीरात लोह कमी झालं की काहींना माती, खडू खावासा वाटतो. उपचार केले की जाईल.”

आई मटकन खुर्चीत बसली. मी पोरीकडे वळले. “बायोलॉजीत हे नाही शिकवलं?”

“शिकवलं ना. पाठ आहे मले. लक्षणं, कारणं, सगळं.”

“मग घरी का नाही सांगितलंस?”

“मॅडम,” ती म्हणाली, “मले वाटलं ते फक्त परीक्षेसाठी आहे!”

*

आता चांदूर रेल्वे गावचे गुरुजी. रिटायर्ड. हजारो पोरांची नावं तोंडपाठ असलेला माणूस शेजाऱ्याचं नाव विसरायला लागला. किल्ल्या फ्रिजमध्ये, चष्मा पिठाच्या डब्यात. चालताना तोल जायचा. एकदा भाजी घ्यायला गेले अन् घरचा रस्ता विसरून बाजारातच उभे राहिले. पुण्याचा मुलगा फोनवर म्हणाला, “आई, हा आजार बरा होत नसतो. मन घट्ट कर.”

गुरुजींच्या पत्नी, काकू, त्यांचा हात धरूनच आल्या. डॉक्टर तपासत होते तेव्हा माझ्याजवळ हळूच बोलल्या, “पोरी, हे मलेच विसरले, तं मंग मी कोनाची वं?”

मी त्यांना पाणी दिलं.

रिपोर्ट आला. बी-ट्वेल्व्ह फारच कमी. गुरुजी पक्के शाकाहारी, त्यात दूध-दह्याचा लहानपणापासून तिटकारा. डॉक्टर म्हणाले, “काकू, ह्याला इलाज आहे. बहुतेक सुधारतील. इंजेक्शनं सुरू करू.” काकूंनी पदर तोंडाला लावला अन् तिथेच हमसून हमसून रडल्या. शबानाही रडली. मीही.

काही महिन्यांनी दोघं परत आले. गुरुजी एकटेच पुढे, ताठ चालीने. दारातच म्हणाले, “काय शबाना, कशी आहेस?” मग मला आता आवडू लागलेल्या दह्याची चव सांगितली, डॉक्टरांना जुन्या हेडमास्तरांचे किस्से! डॉक्टरांनी खूश होऊन पाठ थोपटली.

काकू मात्र मागे रेंगाळल्या. इकडेतिकडे बघून माझ्या कानाशी आल्या.

“मॅडम, इंजेक्शन थोडं कमी करता येते का?”

“का हो काकू? त्रास होतो का त्यांना?”

“त्याईले नाही, मले होते! आमच्या लग्नात माह्या मामानं याईले जेवाले बोलवाचं राहून गेलं होतं. ते आठवलं आज. सकाळपासून माह्यावर रुसून बसले!”