युगेत वहिनीचे सात चाकू

माझी वहिनी युगेत फ्रान्समधल्या कांतालच्या डोंगरात टपाल वाटायची. एकतीस वर्षं, पिवळ्या गाडीतून. पार्सल देऊन मुकाट परत फिरेल तर शपथ. दारातच विचारायची, "उघडून देऊ का?" आणि उत्तर यायच्या आत खिशातून चाकू काढून दोरी कापलेली असायची.

हे वेड नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात लागलं. वरच्या एका गोठ्यापाशी कुंपणाच्या दोरीत वासराची मान अडकली होती. वहिनी गाडीतून उतरून धावली, पण हातात नुसती पत्रं. गोठ्याचा मालक, म्हातारा देल्मास लंगडत आला, स्वतःच्या चाकूनं दोरी कापली, वासरू सोडवलं आणि मग वासराऐवजी वहिनीकडे वळला.

"पोरी, डोंगरात हिंडतेस आणि खिशात चाकू नाही? मग खिसा शिवून घेतलास कशाला?"

गुरुवारच्या बाजारात वहिनीनं पहिला चाकू घेतला. बीच झाडाच्या लाकडाची गोलसर मूठ, बोटभर लांब पातं, मिटलं की मुठीत गडप. पात्याच्या बुडाशी एक लोखंडी कडं. ते जरा फिरवलं की पातं पक्कं, बोटावर मिटत नाही. किंमत सिनेमाच्या तिकिटाएवढी. त्या कड्याचं कौतुक तिनं मला इतक्यांदा ऐकवलंय की माझ्या गाईंनासुद्धा पाठ असेल.

मग दुसरा आला, रुंद पात्याचा, लोणी फासायला. तिसरा वाकड्या पात्याचा, अळंबीसाठी, मुठीच्या टोकाला माती झाडायचा छोटा ब्रश. असे करत सात झाले. प्रत्येकाचं काम वेगळं, प्रत्येकाचा खिसा वेगळा. महाग मात्र एकही नाही. तिचं म्हणणं एवढंच, की चाकू हरवला तर दोन दिवस हळहळ वाटावी आणि तिसऱ्या दिवशी दुसरा घेता यावा.

माझा थोरला भाऊ एमे, म्हणजे तिचा नवरा, म्हणायचा, "आमच्याकडे साधा पाव कापायचा तरी आधी चाकूंच्या मुलाखती होतात."

निवृत्तीला टपालातल्या लोकांनी तिला शिंगाच्या मुठीचा भारी चाकू दिला, मखमली डबीत. वहिनी रविवारी डबी उघडते, पुसते, बंद करते.

"वहिनी, वापर की तो," मी एकदा म्हटलं.

"अरे, याला घेऊन रानात गेले तर अळंबी शोधू, का याच्यावर नजर ठेवू?"

मागच्या जूनमध्ये तिच्या मुलीचं, क्लेमांसचं लग्न झालं. मुलगा लिओं शहरातला, त्याची आई नोटरी, मृत्युपत्रं-खरेदीखतं करणारी. मादाम रोशब्रून. बोलणं असं, की वाक्याखाली सही आणि शिक्का आहेच असं वाटावं. क्लेमांसनं आठवडाभर आधीच आईला दम भरला.

"आई, लग्नात चाकू आणायचा नाही. सासूबाईंसमोर तू खिशातून काढून चीज कापायला लागलीस ना, तर मी टेबलाखाली जाऊन बसेन."

"बरं बाई," वहिनी म्हणाली. इतक्या पटकन ऐकलं तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

जेवण वर डोंगरात, माझ्या कुरणावर तंबू ठोकून. पोरीचाच हट्ट. सात टेबलं, टेबलाला बाराजण. जेवणाचा कंत्राटदार शहरातून आला होता. त्यानं खोकी उघडली आणि त्याचा चेहरा पडला. काट्यांची खोकी दुप्पट आली होती, सुरी एकही नव्हती. माणूस गाडी घेऊन गावात पिटाळला, पण जाऊन येऊन तास तरी लागणार. इकडे भाजलेल्या बैलाच्या मांसाचे जाडजूड तुकडे ताटांत पडलेले. मादाम रोशब्रूननी आपला तुकडा काट्यावर अख्खा उचलला, झेंड्यासारखा धरला, आणि परत खाली ठेवला.

क्लेमांस पांढऱ्या झग्यात लगबगीनं आईपाशी आली.

"आई... तुझ्याकडे..."

"माझ्याकडे काय?"

"मस्करी नको गं, आई!"

वहिनीनं निळ्या रेशमी जाकिटाच्या आतून दोन काढले. पर्समधून तीन. एक टोपीच्या डब्यातून. आणि एक एमेच्या कोटाच्या खिशातून, ज्याचा एमेलाही पत्ता नव्हता.

"मी चाकू आणायचा नाही म्हणाले होते!"

"हो ना. आणायचा नाही म्हणालीस. आणायचे नाहीत, असं कुठे म्हणालीस?"

प्रत्येक टेबलाला एक चाकू गेला. आमच्या टेबलावरचा मादाम रोशब्रूनच्या हातात पडला. त्यांना तो उघडेना. वहिनीनं शेजारी वाकून दाखवलं. "आधी कडं असं, विहीणबाई. मग नखानं पातं."

कडं टक्कन बसलं. बाईंनी ते तीनदा फिरवून पाहिलं. मग बाही वर केली आणि बाराजणांचं मांस कापायला घेतलं, कागदासारखं पातळ.

"विहीणबाई," एमे म्हणाला, "मृत्युपत्राचे कागद वाटताय का? जरा जाड येऊ द्या."

बाई हसल्या, चांगल्या खळखळून, आणि एमेच्या ताटात विटेएवढा तुकडा आदळला. "घ्या. वारसाहक्क!"

सगळीकडे तेच. चाकू मागायला अनोळखी माणसाशी बोलावंच लागत होतं. लिओंकर आणि आमचे गुराखी एकमेकांचं चीज कापून देत होते. वहिनी 'धार बरी आहे ना?' विचारत टेबलाटेबलाशी फिरत होती. परत आली तेव्हा डोळे ओले. एमेनं विचारलं तर म्हणाली, "कांदा." जेवणात कांदा नव्हता. गावातून सुऱ्यांचं पोतं आलं, तेव्हा ते कोणी उघडलंही नाही.

संध्याकाळी सहा चाकू परत आले. सातवा मादाम रोशब्रूननी हळूच विचारून मागितला.

"फुकट नाही देणार हं," वहिनी म्हणाली. "चाकू फुकट दिला तर मैत्री तुटते. एक नाणं द्या."

बाईंच्या पर्समध्ये नुसती कार्डं. शेवटी लिओंच्या नोटरीबाईंनी कंत्राटदाराकडून वीस सेंटचं नाणं उसनं घेतलं.

डिसेंबरात त्या पुन्हा आल्या, आल्या आल्या तक्रार घेऊन. "युगेतबाई, उघडत नाही हो हा! तीन दिवस झाले."

वहिनीनं चाकू हातात घेतला, लाकूड चाचपलं, नाकाशी धरलं. साबणाचा वास.

"भांड्यांच्या मशीनमध्ये घातलात?"

बाई हातमोजे काढून परत घालू लागल्या.

"लाकूड आहे हे, विहीणबाई. फुगलंय बिचारं," असं म्हणत वहिनीनं चाकू शेगडीपासून हातभर अंतरावर वाळायला ठेवला आणि दोघींसाठी खुर्च्या ओढल्या. मी दूध द्यायला आलो होतो. मला कोणी बसही म्हणालं नाही. दोघी त्या चाकूकडे बघत बसल्या होत्या, ताप आलेल्या पोराच्या उशाशी बसावं तशा.