सासऱ्यांच्या गाडीला लावलेला हात

पन्नास वर्षं वाळवंटाला जे जमलं नाही, ते मी एका शनिवारात करून दाखवलं. सासऱ्यांच्या गाडीची वाट लावली.

अण्णा, म्हणजे माझे सासरे, तरुणपणी शारजाला आले आणि कॉन्ट्रॅक्टिंगच्या धंद्यात इथेच म्हातारे झाले. त्यांच्या अरबाबाने, म्हणजे अरबी मालकाने, खूश होऊन त्यांना आपली अमेरिकन मसल कार देऊन टाकली होती. दोन दारं, लांबलचक बोनेट आणि खाली असं इंजिन, की सुरू केलं तर समोरच्या बिल्डिंगमधली बाळं उठतात. अण्णांना ती चालवायची धास्तीच वाटायची. त्यांनी ती गोडाऊनमध्ये झाकून ठेवली. एवढ्या वर्षांत गाडी चालली फक्त अकरा हजार मैल. (माझी गाडी अल नहदाहून जबल अलीला ऑफिसला जाऊन-येऊन तेवढं आठ महिन्यांत करते!)

आता अण्णा कायमचे नाशिकला निघाले होते आणि गाडी विकायची होती. गिऱ्हाईक म्हणजे अबू राशिद नावाचे एक वयस्क अमिराती गृहस्थ. जुन्या गाड्या जमवणारे.

"दोन लाख दिरहम देणारेत," माझी बायको मंजिरी म्हणाली आणि तिने लगेच मोठ्याने गुणाकार केला, "म्हणजे पंचेचाळीस लाखांच्या वर, अहो."

खरं सांगतो, मला पैशांशी काही कर्तव्य नव्हतं. मला हवी होती शाबासकी. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण अण्णांनी माझं एकदाही कौतुक केलं नव्हतं. मला प्रमोशन मिळालं तेव्हा "बरं" म्हणाले. नात झाली तेव्हा "छान" म्हणाले, पण ते मंजिरीकडे बघून.

शुक्रवारी त्यांनी माझ्या हातात किल्ली ठेवली. "रविवारी अबू राशिद येतील. गाडी ओरिजिनल आहे का, ते स्वतः तपासणार आहेत. फक्त कव्हर काढून ठेवा. हात लावू नका."

"अण्णा, जरा पुसून घेतो की."

"नको."

"निदान आतून तरी..."

"नको म्हटलं ना, जावईबापू."

आता यात माझं काय चुकलं ते तुम्हीच सांगा. अण्णांच्या घरी "नको" म्हटल्यावर वाढायला सुरुवात होते. पुरणपोळीला मी तीनदा नको म्हणतो आणि तीन खातो. "येताना काही आणू नका" असं ऐकून एकदा मी खरोखरच रिकाम्या हाताने गेलो, तर सासूबाई ते अजून काढतात. चौदा वर्षांच्या अनुभवावरून मी निष्कर्ष काढला, की अण्णा संकोच करताहेत.

शनिवारी सकाळी सातला मी बादली, थिनर आणि तेरा वर्षांची ईरा, म्हणजे आमची कन्या, यांना घेऊन गोडाऊनमध्ये हजर.

बोनेट उघडलं तर समोरच्या पत्र्यावर कुणीतरी पिवळ्या खडूने गिचमिड करून ठेवलेली. मी थिनरचा बोळा फिरवला.

"बाबा, डोन्ट. इट माइट बी इम्पॉर्टंट," ईरा म्हणाली.

"अगं, खडू आहे तो. पाहुणे बघायला येणार आणि आपण घरात जळमटं ठेवायची?"

दाराच्या कडेला एक पिवळा पडलेला स्टिकर होता, तो सुरीने खरवडला. छपराच्या काठाला रंगाचा ओघळ सुकून बसलेला. एवढी मोठी अमेरिका, पण साधा रंग देता येईना! तो पॉलिश पेपरने घासून सपाट केला. मग डिकीत स्टेपनी दिसली. कधीच न वापरलेली, आणि नव्या टायरवर असतात तसे रबराचे बारीक केस अजून अंगभर. नेलकटर घेऊन मी एकेक केस कापला. दीड तास लागला, अंगठ्याला फोड आला.

राहिली मागची सीट. ती काढून खालची धूळ साफ करायची होती. एक हिसका दिला, हलली नाही. तेवढ्यात मंजिरीचा फोन, "अहो, मटण गार होतंय." सीट तशीच राहिली.

रविवारी अण्णा आले, गाडीकडे बघितलं आणि शेजारच्या खोक्यावर मटकन बसले. मला वाटलं, गहिवरले.

मागोमाग अबू राशिद आले. अंगात पांढराशुभ्र कंदुरा, म्हणजे पायघोळ अरबी झगा, हातात टॉर्च. जुन्या पिढीचे असल्याने हिंदी फर्डं. त्यांनी बोनेट उघडलं आणि बराच वेळ आत बघत राहिले.

"चॉक का निशान किधर है?"

"साफ कर दिया, साहब," मी अभिमानाने म्हणालो.

"और दरवाजे का स्टिकर?"

"वो भी."

छपराच्या काठावरून हात फिरवताना ओघळ घासलेली जागा त्यांच्या बोटांना बरोबर लागली. मग डिकीतल्या स्टेपनीवरून तळवा फिरवला आणि थांबले. "इसके बाल?"

"काटे."

"किस चीज से, हबीबी?"

"नेलकटर," ईराने माहिती पुरवली.

त्यांनी टॉर्च बंद केला. मग अगदी शांतपणे समजावलं. खडूच्या खुणा कारखान्यातल्या तपासनिसाच्या होत्या. ओघळ, स्टिकर, टायरचे केस, हीच तर साक्ष होती, की या गाडीला कधी कुणी हात लावला नाही. आता ही कुठल्याही गॅरेजात रंगवून उभी केलेली गाडी असू शकते. "खलास," ते म्हणाले.

अण्णांनी अर्धं आयुष्य सांभाळलेला पुरावा मी एका बादलीत पिळून टाकला होता.

निघता निघता अबू राशिद वळले. "पीछे की सीट निकाली थी?"

"नहीं," मी मान खाली घातली. "खाना खाने गया था."

ते कंदुरा सावरत गुडघ्यावर बसले. सीट आधी मागे दाबली, मग वर उचलली, आणि ती अलगद निघाली. खाली स्प्रिंगांमध्ये धुळीने माखलेला, घडी घातलेला तपकिरी कागद होता. कारखान्याचा कागद, गाडी जोडताना तिथेच राहून गेलेला. कुठलं इंजिन, कुठला रंग, गाडीचा नंबर, सगळं छापलेलं. त्यांनी तो नंबर गाडीवरच्या नंबराशी दोनदा ताडून पाहिला.

"माशाल्ला. ये भी साफ करता, तो मैं चला जाता."

भाव थोडा उतरला, पण गाडी त्यांनी घेतली.

परत येताना अण्णा माझ्या शेजारी बसले होते. अल नहदाचा सिग्नल लागला. मग समोर बघतच म्हणाले, "जावईबापू, ती सीट तुम्ही तशीच सोडलीत, फार उत्तम केलंत."

चौदा वर्षांतली पहिली शाबासकी! तेव्हापासून घरातलं कुठलंही काम अर्धवट टाकून मी जेवायला बसतो, आणि मंजिरी रागावली की सांगतो, "जाऊन विचार तुझ्या वडिलांना, माझं सगळ्यात चांगलं काम कुठलं ते."