समुद्रातला नांगर तुटला तेव्हा

हसणार नसाल तरच सांगते. कबूल? बघा हं!

आमचे मालक, म्हंजे माझा नवरा, गोव्याला एका शिडाच्या बोटीवर कामाला आहेत. नळदुर्गकडच्या रानातला गडी अन् भर समुद्रात! मला सदानकदा घोर. म्हणून त्यांनी बोट रंगवायला किनाऱ्यावर काढली तेव्हाचा फोटो पाठवला. बोटीच्या पोटाखाली पुढून मागपर्यंत लांबलचक कणा.

"जुन्या पद्धतीची बोट हाय. ह्या कण्यामुळं सरळ चालती, वादळात बी पलटी होत न्हाय. आता तरी भिऊ नको!"

मी फोटो निरखला. रानात माती चिरतो तो नांगर, अन् हे पाणी चिरतंय. म्हणजे पाण्यातला नांगरच की! तेच नाव माझ्या डोक्यात बसलं.

परवा लेकराला भरवत होते, तर ह्यांचा फोन. नुसती खरखर. "आगं... नांगर... तुटला! गेला पाण्यात..." अन् फोन बंद!

नांगर तुटला? म्हणजे बोट पलटीच! वाटी तिथंच टाकली, लेकरू कडेवर घेतलं अन् थेट हायवे. एका पायात माझी चप्पल, दुसऱ्यात सासऱ्यांची. गोव्याकडं जाणारा ट्रक थांबवायला हात वर!

सासरे धापा टाकत मागं आले. "सूनबाई, झालं काय?"

"मामा, नांगर तुटला!"

"आत्ताच तर गोठ्याला टेकवून आलो!"

"तुमचा न्हाय वो, समुद्रातला!"

"समुद्रात कुणाचं रान हाय?"

आता ह्यांना काय समजावू? मी बोटवाल्या साहेबांनाच फोन लावला. "साहेब, आमचे मालक बुडाले का हो?"

"मालक? मालक मीच. बुडालो असतो तर बोललो असतो का?"

"तुम्ही न्हाय वो! माझे मालक!"

"ताई, ह्या बोटीला दुसरा मालक नाही!"

मी रडकुंडीला आले. तेवढ्यात फोनमध्येच साहेबांच्या मागून ओळखीचा आवाज, "द्या, द्या फोन, आमचीच हाय ती."

हे तिथंच जेवत होते! "आगं येडे, बोट जाग्यावर थांबावी म्हणून लोखंडी आकडा दोराला बांधून पाण्यात सोडत्यात. त्याला नांगर म्हणत्यात. दोर तुटला, आकडा बुडाला. पोटाखालचा कणा हाय तिथंच हाय!"

एवढ्यात हॉर्नचा कल्लोळ. माझा वर केलेला हात बघून तीन ट्रक थांबलेले अन् डायवर खिडकीतून ओरडतायत, "ताई, जायचंय कुठं?"

"कुठं हायेस तू?" यांनी विचारलं.

"हायवेवर."

मग म्हणाले,

"जेवलो की नवा नांगर आणायलाच चाललोय. दोन आणतो. एक बोटीला, एक तुला. तू बी जाग्यावर थांबत न्हाईस!"