बर्फ मोजणारा इसिडोर आणि मंत्र्यांचं उत्तर

इसिडोर मर्क्रेडीला खुर्ची कधी मानवलीच नाही. जेवायचासुद्धा तो उभ्याने. एका हातात बॅनॉकच्या जाड भाकरीचा तुकडा, दुसऱ्या हातात वाळवलेला मासा आणि डोळे खिडकीबाहेर नदीवर. त्याची बायको फ्लोरेस्टीन म्हणायची, "लग्नात पाद्रीबाबांनी बसा म्हटलं, तेव्हा एकदा बसला होता. त्यानंतरचं मला आठवत नाही."

त्यांच्या विलो लँडिंग गावाला रस्ता असा नाहीच. हिवाळ्यात मॅकेन्झी नदी गोठली की तिच्या पाठीवरूनच ट्रक येतात, डिझेल, पीठ, औषधं, वर्षभराचं सगळं घेऊन. तो बर्फाचा रस्ता किती जाड आहे हे मोजायचं काम इसिडोरने बावीस हिवाळे केलं. सकाळी गिरमीट खांद्यावर टाकायचं, दर शंभर पावलांवर भोक पाडायचं, खुणा केलेली काठी आत सोडायची आणि सगळ्यांत कमी आलेला आकडा काठावरच्या पाटीवर लिहायचा. रस्ता बंद करायचा अधिकार काही त्याला नव्हता. पण गावाचे दोन रिवाज होते. मोजणारा गावाचा माणूस, ट्रकवाल्यांचा त्याने चहासुद्धा प्यायचा नाही, हा एक. आणि आकडा कमी असताना ज्याला जायचंच आहे, त्याने पाटीखाली टांगलेल्या वहीत लिहायचं, की मी अमुक, एवढं ओझं घेऊन, अमक्या कारणासाठी जातोय. खाली सही.

आता गंमत बघा. उणे पस्तीसमध्ये हातमोजा काढून, पेन्सिल धरून कारण लिहायचं म्हटलं की निम्मे गडी तिथूनच ट्रक वळवायचे. एकाने लिहिलं, 'घरी सासू आली आहे.' मग आपलंच लिहिलेलं वाचून असा हसत सुटला, की हसत हसतच सासूकडे परत गेला.

एका वर्षी वाहतूक कंपनीचा मुकादम त्याच्यामागे लागला. "इसिडोर, चार इंच वाढव की! तुझ्या बापाचं काय जातंय?"

"नदीने वाढवले की मीही वाढवीन."

वहीत सही करायला कुणी धजेना, म्हणून चार दिवस ट्रक पलीकडे उभे. गावातलं शेगडीचं तेल संपत आलं, लोक त्याला तोंडावर शिव्या देऊ लागले. पाचव्या दिवशी थंडी वाढली, ट्रक आले, बर्फाला साधी चीरही गेली नाही. म्हणजे इसिडोर बरोबर होता की चूक, ते कळलंच नाही. टळलेल्या अपघाताचा पुरावा कुठून आणायचा? ते कोडं त्याच्या डोक्यात जे शिरलं, ते परत बाहेर आलं नाही.

पुढे राजधानी ओटावाच्या सरकारने हवामान धोरणावर सल्ला द्यायला एक स्वतंत्र मंडळ नेमलं. प्राध्यापक, एक बँकवाली, एक गहू पिकवणारा, आणि उत्तरेचा म्हणून इसिडोर. वर्षातून चार खेपा, प्रत्येक खेपेला तीन विमानं. मंडळाने तीन अहवाल दिले. मंत्र्यांनी तिन्ही वेळा आभार मानले, फोटो काढला, अहवाल कपाटात. नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे! मंडळाचं म्हणून जे कार्यालय होतं तेही मंत्रालयातच, मंत्रालयाचीच माणसं, मंत्रालयाचेच संगणक. सल्ल्याचा मसुदा सदस्यांच्या आधी मंत्र्यांच्या टेबलावर पोचायचा.

तेवढ्यात मंडळ बळकट करायचं विधेयक संसदेत आलं. मंडळाला स्वतःची माणसं, आणि प्रत्येक सल्ल्याला मंत्र्यांनी नव्वद दिवसांत जाहीर लेखी उत्तर द्यायचं. त्यावर संसदेच्या समितीपुढे साक्ष द्यायला इसिडोरला बोलावणं गेलं.

नेमकी त्याची मुदत त्याच महिन्याअखेर संपत होती. ती वाढवणं मंत्र्यांच्या हातात. आणि पुढच्या अहवालात हिवाळी रस्त्यांचं प्रकरण त्याच्याकडे होतं. नदी आता तीन आठवडे उशिरा गोठत होती. काठावरच्या अकरा गावांनी बारमाही रस्ता मागितला होता, आणि ती मागणी इसिडोरने सगळ्यांना शब्द देऊन त्या प्रकरणात घालायची ठरवली होती.

साक्षीच्या आदल्या दुपारी मंत्र्यांचा सहायक, ग्रेडन पेल नावाचा गोडबोल्या गडी, त्याला संसदेच्या व्हरांड्यात गाठून म्हणाला, "मर्क्रेडी साहेब, उद्या एवढंच म्हणा, की आहे ही व्यवस्था बरी चाललीय. तुमच्यासारख्या अनुभवी माणसाला आणखी तीन वर्षं ठेवायची साहेबांची फार इच्छा आहे."

"आणि नाही म्हटलं तर?"

"छे छे, तसं कुठं कोण म्हणतंय?" पेल हसला आणि घड्याळ बघत निघून गेला.

इसिडोर कालव्याच्या काठाने चालत सुटला. गोठलेल्या कालव्यावर माणसं मजेत घसरत होती. बोलावं तर प्रकरण जाणार, अकरा गावांचं तोंड बंद. न बोलावं तर प्रकरण राहणार, पण ते कपाटातच. त्याने फोन लावला.

"म्हाताऱ्या, चालतोयस ना?" फ्लोरेस्टीनने आधी तेच विचारलं.

"तिसरी फेरी. काय करू सांग."

"मी काय सांगू? तिकडे विमानाने तू जातोस. मी इथे मासे साफ करतेय."

"फ्लो, थट्टा नको गं. गावाला शब्द दिलाय."

"मुकादमाला चार इंच दिले असतेस तर तेव्हाही गाव खूश झालं असतं," ती म्हणाली. "आणि टोपी घाल. सर्दी घेऊन आलास तर दारात घेणार नाही."

दुसऱ्या दिवशी समितीसमोर माईक टेबलाला घट्ट बसवलेला, म्हणून इसिडोरला बसावंच लागलं. गुडघे टेबलाखाली नाचत होते. एका खासदारबाईंनी विचारलं, "मिस्टर मर्क्रेडी, निर्णय लोकांनी निवडलेल्या माणसाने घ्यायचा की तुमच्या मंडळाने?"

"त्यानेच घ्यायचा, बाई. मी बावीस वर्षं बर्फ मोजला, कुणाचं स्टिअरिंग कधी धरलं नाही. पण आकडा काठावर सगळ्यांना दिसायचा, आणि जाणारा का जातोय ते लिहून जायचा. तुमच्याकडे पाटी मंत्र्यांच्या खणात आणि वहीचा पत्ताच नाही!"

लोक हसले. तो हसला नाही. बोलून संपलं होतं, पण पाय थांबेनात.

"आता मीही कारण लिहूनच जातो," तो म्हणाला. "माझी मुदत या महिन्यात संपतेय. आहे ते बरं आहे असं म्हणालो तर तीन वर्षं मिळतील, असं काल मला सुचवण्यात आलं. तीन वर्षं मला हवी होती, खोटं कशाला बोलू? माझ्या नदीचं प्रकरण अर्धं राहिलंय. तरी मी म्हणतो, आहे ही व्यवस्था बरी नाही. लिहून घ्या."

मागच्या रांगेतला पेल फोन कानाला लावून बाहेर गेला.

विधेयक पास झालं, पण अर्धंच. माणसं मंत्रालयाचीच राहिली. लेखी उत्तराचं कलम मात्र टिकलं. आणि इसिडोरला आभाराचं पत्र आलं, जाड कागदावर. त्याच्या जागी दक्षिणेकडचे एक उद्योजक बसले.

प्रकरण मंडळातल्याच विनिपेगच्या प्राध्यापक फ्रीसनबाईंकडे गेलं. त्या भल्या. दर रविवारी फोन करून पान पान वाचून दाखवायच्या, आणि हा स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत ओरडायचा, "चूक! नोव्हेंबर नाही, आता डिसेंबर लिहा!" बारमाही रस्त्याची मागणी तशीच्या तशी छापून आली. मग नव्वद दिवसांची मोजणी सुरू झाली. रोज सकाळी विचारायचा, "आलं का गं?" चाळीसाव्या दिवसानंतर फ्लोरेस्टीनने उत्तर देणंच सोडलं.

अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी मंत्र्यांचं उत्तर आलं. नाही. रस्ता नाही. खाली कारण, साडेचार ओळी: लोकसंख्या थोडी, आणि सध्याचा बर्फाचा रस्ता आणखी वीस वर्षं पुरेसा राहील असा मंत्रालयाचा अंदाज. त्याखाली मंत्र्यांची सही.

इसिडोरने कागद दोनदा वाचला. फ्लोरेस्टीन घाबरून बघत होती, की हा आता खाली बसतो की काय.

"वीस वर्षं!" तो ओरडला. "वीस! सहीसकट लिहून दिलंय! आता अकराही गावांनी दर हिवाळ्यात बर्फ मोजायचा आणि आकडा त्या सहीशेजारी लावायचा!" बूट चढवताना त्याला डावा-उजवा कळेना. अकरा गावांपैकी आठांचे फोन नंबर त्याच्याकडे होते. उरलेल्या तीन गावांसाठी बोट काढावी लागणार होती.